न वाकणारी मान

सकाळी नऊलाच पेंटरच्या दारात चपलांचा ढीग पडला. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरच्या अंगात देव आला, हे गल्लीभर झालं होतं. त्याच्या बायकोला तर काय करू नि काय नको असं झालं. काल नवऱ्याला नुसता ताप, आणि आज घरात साक्षात देव!

देव ओळखायला बोलावलेल्या महाराजांनी निजलेल्या पेंटरच्या डोक्याखाली हात घालून उचललं. मान वाकेचना, डोकं, खांदे, पाठ, सगळं फळीसारखं उठलं.

"पाहा! देव कुणापुढे मान तुकवत नाही! पडदे लावा, देवाला उजेड सोसत नाही."

"अक्षर वाकडं आलंय... पुसून टाक," पेंटर बरळला.

"ऐकलंत? मुलीचं ठरलेलं स्थळ मोडा!" महाराजांनी समोरच्या काकूंना फर्मावलं. काकू धन्य झाल्या.

इतक्यात नव्या दवाखान्याची पाटी न्यायला डॉक्टरीणबाई आल्या. पेंटरला पाहताच त्या पुढे झाल्या, मान हलवून पाहिली, सदरा वर करून पोट तपासलं.

"वहिनी, पोटावर हा व्रण कसला?"

"दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडले. प्लीहा फुटली, काढून टाकली. तेव्हापासून ठणठणीत आहेत."

"आणि नंतरच्या लशी?"

"ठणठणीत माणसाला सुया कशाला, म्हणाले."

"अहो, प्लीहा रक्तातले जंतू गाळते. ती नसली की ते काही तासांत मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. आवरण सुजलं की मान ताठते, उजेड टोचतो, माणूस बरळतो. हा मेंदूज्वर आहे. दुपारपर्यंत थांबलात तर हातचा माणूस जाईल."

"देवावर संशय?" महाराज गरजले.

"तुम्ही हनुवटी छातीला लावा बघू."

महाराजांची हनुवटी टपकन लागली. पाठोपाठ गल्लीतल्या प्रत्येकानं लावून पाहिली, काकूंनी तर दोनदा. सगळ्यांच्या लागल्या. हशा पिकला.

"याआधी तीन घरांत असाच ताठ देव दाखवलाय मी!" महाराज चिडून म्हणाले.

"मग ती तीन माणसं आता कशी आहेत?" पेंटरच्या बायकोनं विचारलं.

महाराज चपला शोधू लागले. तिनं पडदा ओढून फेकला आणि ओरडली, "अरे, बघताय काय? गाडी आणा!"

गाडी येईपर्यंत डॉक्टरीणबाईंनी आपल्या पिशवीतलं इंजेक्शन तिथंच दिलं. तेरा दिवसांनी पेंटर इस्पितळातून घरी आला. डाव्या कानानं जरा कमी ऐकू येतं, पण लशी सगळ्या घेतल्या. आणि त्याची बायको आता भेटेल त्याला बजावते, "प्लीहा नसलेल्या माणसाला ताप आला की देव शोधत बसू नका, आधी दवाखाना गाठा. मी अर्धी सकाळ नवऱ्याच्या आजारालाच हात जोडत बसले होते."