सात नंबरची खंडेनवमी

मला फुशारकी मारायची हौस आहे, आणि या वेळी ती मी मारणारच.

भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी बॅटरीवर चालणारी एक डबी बनवली. मशीनला चिकटवली की बेअरिंग किती तापलंय ते ती दर दहा मिनिटांनी ऑफिसला कळवते. चाकणच्या एका कारखान्यात वीस डब्या चाचणीला लावल्या. अट एकच: महिनाभर आमच्यापैकी कोणी हात लावायचा नाही. एक जरी डबी कायमची गप्प झाली, तरी ऑर्डर गेली.

मशीन म्हटली की बंद पडतेच. आपली आपण उठते का, हा खरा प्रश्न. माझे वडील अर्जुनराव लातूरहून येऊन तीस वर्षं लेथवर होते. शिफ्ट संपताना काम कुठवर आलंय ते खडूने मशीनवर लिहून ठेवायचे. पुढचा माणूस तिथूनच हात घालायचा. डबीला मी तेच शिकवलं. बॅटरी जाताना शेवटचा आकडा लिहून ठेव, उठलीस की तिथून पुढे चाल. लागोपाठ तीनदा पडलीस तर हट्ट करू नकोस, सहा तास दम खा आणि मग पुन्हा बघ.

सव्विसाव्या दिवशी खंडेनवमी आली. कामगारांनी मशिनी धुतल्या, पुसल्या, हळदीकुंकू वाहिलं. त्याच भक्तिभावाने डब्या उघडल्या, बॅटऱ्या काढून पुसून परत बसवल्या आणि वर नारळाचं पाणी शिंपडलं. भर पावसात टिकेल अशी डबी मी केली होती. झाकण उघडून कोणी तिची पूजा करेल, हे मला बापजन्मी सुचलं नसतं.

वीसच्या वीस गप्प झाल्या. संध्याकाळपर्यंत एकोणीस बोलू लागल्या. सात नंबर नाही. दसऱ्यालाही नाही.

सुट्टी संपली त्या सकाळी आमचे मालक सोपानराव गाडीची किल्ली घेऊन आले. "दिपाली, गुपचूप जा आन् बटन दाबून ये. कुनाला कळतंय?"

"बटण दाबायला मीच लागणार असेन, तर मी बनवलं काय?"

"आन् ऑर्डर गेली मंजे?"

"जाऊ दे."

सोपानराव तणतणत निघून गेले. किल्ली दिवसभर टेबलावर पडून राहिली आणि मी तिच्याकडे पाठ करून बसले.

तिकडे कारखाना सुरू झाला, मशीन तापली, डबीतली ओल सुकली. संध्याकाळी सव्वापाचला स्क्रीनवर सात नंबर उमटला. अकरा वेळा पडली होती, बाराव्यांदा उठली. मी एवढ्या जोरात ओरडले की सोपानराव चहा सांडत आत आले. पुढच्याच आठवड्यात ऑर्डर मिळाली.

पण मी मारतेय ती फुशारकी ऑर्डरची नाही. त्याच संध्याकाळी थेरगावला घरी जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "उठल्यावर आधी काय बोलली?"

"खंडेनवमीचा, दहा चाळीसचा आकडा. बॅटरी काढायच्या आधी लिहून ठेवलेला."

वडील म्हणाले, "मंग ती आमच्याच शिफ्टची हाय."