दगडातला अडतिसावा

कवठेमाळच्या चावडीच्या भिंतीत एक काळा दगड बसवलेला आहे. चौदा सालच्या मोठ्या लढाईला या गावातून अडतीस माणसं गेली, त्यातली पाच परत आली नाहीत, एवढंच त्यावर इंग्रजीत कोरलंय. नाव एकाचंही नाही. साहेबाला आकडा पुरत होता, आणि खरं सांगायचं तर गावालाही पुरला. पाऊणशे वर्षं लोकांनी त्या दगडाला पाठ टेकून तंबाखू मळली.

शहाण्णव साली मात्र सुभेदार हंबीररावांच्या डोक्यात किडा वळवळला. पेन्शनीत आलेला माणूस, त्यात वाचनालयाचा अध्यक्ष, गप्प बसेल कसा? गावाचा इतिहास गावानंच सांगायचा, असं त्यांनी ठरवलं. तीन दिवसांचा कार्यक्रम आखला. पहिल्या दिवशी धनगरांचा गजीनाच, दुसऱ्या दिवशी जुनी भांडी, हत्यारं, पत्रं मांडायची, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ज्याला जी गोष्ट ठाऊक असेल ती त्यानं सांगायची. शेवटी अडतीस नावांचा फळा त्या दगडाशेजारी लावायचा. गावची गलाईवाली पोरं कोईमतूरला सोनं गाळतात, त्यांनी नवा कोरा माईक पाठवून दिला. सगळं कसं झोकात चाललं होतं.

नावं जमवायला सुभेदारांनी हेळव्याला बोलावलं. हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ असलेला माणूस. सुगी झाली की कर्नाटकाकडून बैलावर बसून यायचा, दारात उभा राहून खापरपणज्यापासून नावं घडाघडा म्हणायचा आणि धान्य घेऊन पुढच्या दाराला जायचा. तो दोन दिवस म्हणत होता आणि सुभेदार लिहून घेत होते. लढाईवर गेलेले सदतीस निघाले. पुन्हा मोजले, तरी सदतीसच.

"पाथरवटच चुकला असंल," सुभेदार म्हणाले आणि पेंटरला फळा रंगवायला सांगून मोकळे झाले.

आता हेळव्याची घरं ठरलेली असतात. हा हेळवी ओढ्यापलीकडच्या वस्तीत जन्मात कधी गेला नव्हता. पण ही गोष्ट त्याला सांगावीशी वाटली नाही आणि सुभेदारांना विचारावीशी वाटली नाही. पलटणीत शत्रूच्या तंबूतले बूट मोजणारा माणूस, पण आपल्याच गावचा ओढा ओलांडायचा विसरला.

ओढ्यापलीकडच्या बुद्धवस्तीत रंगुबाई राहायची. वय बहात्तर, जीभ पंचविशीची. माहेर आणि सासर याच गावात. तीन वर्षांपूर्वी साक्षरतेच्या वर्गात ती वाचायला शिकली आणि तेव्हापासून दिसेल ते वाचत सुटली. साबणाचा कागद, एसटीची पाटी, लग्नाची पत्रिका, काही सोडत नव्हती. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी चावडीसमोर फळा वाळत ठेवलेला दिसला, तशी ती उन्हात उभी राहिली आणि वरपासून खालपर्यंत एकेक नाव बोट फिरवून वाचलं. मग पुन्हा वाचलं. आकाराम हे नाव त्यात नव्हतं.

आकाराम म्हणजे तिचा बाप. ती लहान असताना तो तिला चावडीसमोरच्या रस्त्यावर थांबवायचा. चावडीच्या पायऱ्या चढायची त्याला मुभा नव्हती. तिथूनच हात करून म्हणायचा, "त्यो काळा दगड बघ. त्यात मी बी हाय. अडतीसातला एक." आणि ताठ मानेनं पुढं चालायला लागायचा. त्याच्याजवळ ना बिल्ला होता ना कागद. ओढ्याच्या पुरात घर गेलं तेव्हा सगळं वाहून गेलं होतं.

रंगुबाई घरी आली ती फणफणतच. नात पायल म्हणाली, "आजी, सुभेदारांस्नी जाऊन सांग की."

"सांगितलं तर मागितल्यागत हुतंय," रंगुबाई म्हणाली. "छप्पन साली बानं दीक्षा घेतली, तवापासनं या घरानं कुनाच्या दारात हात पसरला न्हाई. त्येच्या नावासाठी मी पसरू व्हय?"

पण झोप काही धड लागली नाही. आज नाव फळ्यावर चढलं नाही तर पुढं कोण चढवणार? ती गेली की तो दगडातला अडतिसावा कायमचा पाथरवटाची चूक होऊन बसणार होता. हे तिला सोसवेना. सकाळी तिनं निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसलं आणि चावडीपुढच्या मांडवात पहिल्या रांगेत जाऊन बसली.

पहिली गोष्ट सुभेदारांनी स्वतःच्याच घरची सांगितली. त्यांच्या आज्याचा थोरला भाऊ नाथाजी त्याच लढाईत इराकातल्या बसऱ्याला तापानं गेला होता.

"माझी आजी तवा नवी नवरी," सुभेदार सांगत होते. "ती म्हनायची, लढाई संपल्यावर एक मानूस आला आन अंगनात हुबा ऱ्हायला. नाथाजी गेल्याचं त्येनं सांगितलं. मरताना आईला निरोप दिलाय म्हनला, माझा बैल इकू नका. एवढं बोलला आन पान्याचा थेंबसुदिक न घेता गेला. इतकं दुख झालं हुतं त्येला. कोन हुता, कुठला हुता, आमाला आजतागायत ठाव न्हाई."

मांडवात बायका हळहळल्या. रंगुबाईची कानशिलं तापली. ती उठली, सरळ माईकपाशी गेली.

"आता माझी गोष्ट," ती म्हणाली. "माझा बा आकाराम बसऱ्याच्या तळावर दवाखान्याच्या डोल्या उचलायचा. एका दिशी तापानं फणफणलेला एक शिपाई डोलीत घातला. बानं तोंड बघितलं तर गावचा नाथाजी. नाथाजीनं त्येचा हात धरला तो सोडंना. तीन दिस बा त्येच्या उशाला हुता. शेवटचं पानी बानंच आपल्या हातानं पाजलं आन नाथाजी घटाघटा प्याला. तिकडं कुनी इचारलं न्हाई, हात कुनाचा. मग म्हनला, आईला सांग, पाखऱ्याला इकू नका."

पाखऱ्या हे बैलाचं नाव सुभेदारांनी गोष्टीत घेतलं नव्हतं. ते त्यांच्या घराबाहेर कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

"बा गावात आला," रंगुबाई पुढं म्हणाली, "तर आदी सोताच्या घरी गेला न्हाई. उन्हातनं दहा कोस चालत आलेला, तसाच तुमच्या अंगनात गेला. निरोप दिला. लय तहान लागलेली त्येला. सुभेदार, त्येनं पानी घेतलं न्हाई, असं न्हवं. त्येला पानी कुनी इचारलंच न्हाई."

एवढं बोलून ती थांबली. नाव फळ्यावर घाला, असं ती शेवटपर्यंत म्हणाली नाही.

हंबीरराव उठले, चावडीच्या पायऱ्या चढले. आतल्या माठातून त्यांनी तांब्या भरला आणि दोन्ही हातांत धरून रंगुबाईपुढं आणला.

"घ्या, आक्का," ते म्हणाले. "माझ्या घरचं समजून घ्या."

रंगुबाईनं तांब्याकडं बघितलं. तहान तर तिलाही लागली होती.

"आदी नाव लिवा," ती म्हणाली. "पानी मागनं."

पेंटर ब्रश घेऊन पुढं आला आणि फळ्याच्या तळाशी मोकळी जागा शोधायला लागला.

"तळाला न्हाई," सुभेदार म्हणाले. "सगळा फळा पूस. आकाराम नाथाजीच्या शेजारी. दोघं जवळ हुते, जवळच ऱ्हातील."

नावं रॉकेलनं पुसून पुन्हा लिहायला तास-दीड तास गेला. विट्याहून आलेले पाहुणे घड्याळ बघत होते, त्यांना सुभेदारांनी चहा पाजून गप्प केलं. मांडवातनं एक माणूस हलला नाही. तेवढा वेळ तांब्या सुभेदारांच्या हातात होता, त्यांनी तो खाली ठेवला नाही.

फळा लिहून झाला, वर दगडाशेजारी लावला, तशी रंगुबाई चावडीच्या पायऱ्या चढली, कुणाला न विचारता, अगदी मधोमध पाय टाकत. ओल्या रंगावर बोट ठेवून तिनं वाचलं, "ना-था-जी. आ-का-रा-म." बोटाला पांढरा रंग लागला, तो तिनं पुसला नाही. मग ती नावं मोजायला लागली आणि सगळा मांडव तिच्याबरोबर मोजायला लागला.

"अडतीस," रंगुबाई म्हणाली. "पाथरवट चुकला न्हवता, सुभेदार."

मग तिनं त्यांच्या हातातला तांब्या घेतला, वर न धरता सरळ तोंडाला लावला आणि घटाघटा पिऊन रिकामा केला.