खांदेमळणीचं उरलेलं तूप

नव्याण्णव सालच्या पावसाळ्यात चारुताचा उजवा हात खांद्याशीच कुठेतरी अडून राहिला. शाळेत ती फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहू लागली, आणि तिसरीची मुलं वर उरलेल्या काळ्या आकाशाकडे पाहत बसू लागली. शेक द्या, हलक्या हाताने मालिश करा, रोज थोडी हालचाल करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने ते घरी सांगितलंही; पण अशा आवाजात, की ऐकून कुणालाच उठावं लागू नये.

वेणी तेवढी सासूबाई घालून देत. सरोजिनीबाईंचा हात घट्ट होता, आणि प्रत्येक पेडागणिक एकेक टोमणा विणला जाई. चारुताला टोमण्यांचं काही वाटत नसे. रोज सकाळी मान खाली घालून बसण्याची मात्र लाज वाटू लागली होती. म्हणून तिने ठरवलं, पोळा झाला की रविवारी वर्ध्याला जायचं आणि कमरेखाली उतरणारे हे केस मानेपर्यंत कापून यायचं. तिचा नवरा अभिराम यावर ‘बरं’ म्हणाला, आणि पुढचे दोन दिवस भाजीत मीठ आहे की नाही हे त्याला सांगता आलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून मळायची असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांची ती एका संध्याकाळची माफी. अभिरामने गोठ्यात कबऱ्या बैलाजवळ उभं राहून आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासले, कोमट तुपात पळसाचं पान बुडवलं, आणि मग असा काही हळुवार हात फिरवू लागला की वाटी धरून उभी असलेली चारुता पाहतच राहिली. या हातांची आणि तिची सात वर्षांची ओळख होती. त्यांचा हा आवाज मात्र तिने ऐकला नव्हता.

“केसांच्या उलट नको जाऊ,” अंगणापलीकडच्या ओट्यावरून सासरे केशवराव म्हणाले. गोठ्यातला काळोख त्यांच्या डोळ्यांना पार करता येत नसे, पण सूचनांना डोळे लागत नाहीत. “आधी तळहातानं मोकळं करजो, मंग अंगठा लावजो.”

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,” अभिराम बैलाच्या कानाशी पुटपुटला.

“मला कधी असं बोलावलं होतं का हो?” चारुताने विचारलं.

“तू रोजच जेवतेस.”

“वाढतेही मीच.”

दुसऱ्या बैलाचे, मोऱ्याचे, खांदे मळून झाले तेव्हा वाटीत बरंच तूप उरलं होतं. चारुता ती घेऊन घराकडे निघाली, तर गोठ्याच्या दारात सरोजिनीबाई उभ्या.

“खांदेमळणीचं उरलेलं तूप घरात आणत नसतेत,” त्या म्हणाल्या.

हा नियम गावात कुठल्याच घरी नव्हता. त्यांनी तो तिथल्या तिथे केला.

“मग काय करू, आई?”

“खांदे का फक्त बैलालेच असतेत? अभिराम, पाह्य, एक खांदा राह्यला तुह्या हातचा.” एवढं बोलून त्या घरात गेल्या आणि जाता जाता गोठ्याचं दार ओढून घेतलं.

चारुताने वाटी कंदिलाच्या पिवळ्या वर्तुळात ठेवली. मग ती कडब्याच्या पेंढीवर बसली आणि तिने पदर बाजूला केला.

“मला भीती वाटते,” अभिराम म्हणाला. “बैलाला दुखलं की तो शिंग हलवतो. तू काहीच हलवत नाहीस. तीन महिने झाले, तुला किती दुखतं ते मला कळलेलं नाही.”

“म्हणून हात लावला नाहीत?”

“म्हणून.”

“मला वाटलं, तुम्हाला लाज वाटते.”

“तीही होतीच.”

चारुताला हसू आलं. “शिंगं आता कुठून आणू? दुखलं की हूं म्हणेन.”

त्याने तळवे घासून ऊब आणली, ती आधी नुसती खांद्यावर ठेवली आणि थांबला. मग मानेच्या मुळापासून दंडापर्यंत, उताराने जाणाऱ्या पाण्यासारखा सावकाश हात सोडला. पाठीच्या फऱ्याच्या हाडाजवळ एक गाठ लागली.

“हूं.”

हात लगेच हलका झाला.

“हाडावर नको दाबू रे!” ओट्यावरून केशवराव ओरडले. त्यांच्या लेखी अजून मोऱ्याच चालू होता. “हाडाच्या बाजूबाजूनं घे!”

अभिरामने हाडाच्या बाजूने घेतलं. गाठ किंचित विरघळली.

“कान पाडले का त्यानं?”

“काय सांगू?” अभिरामने कुजबुजून विचारलं.

“पाडले म्हणा,” चारुता डोळे मिटून म्हणाली.

“पाडले, बाबा.”

“मंग जमलं. आता पाय उचलून पाह्य, हलूहलू. जबरदस्ती नाई करायची.”

त्याने तिचं कोपर तळहातावर पेललं आणि ती हूं म्हणेपर्यंत वर नेलं. हात कानाच्या पाळीपर्यंत पोचला. काल तो गालाशीच थांबला होता. वेणी घालायची तर अजून वीतभर अंतर उरत होतं, आणि ते आज कापलं जाणार नव्हतं, हे दोघांनाही दिसत होतं.

“रोज करावं लागेल,” ती म्हणाली.

“रोज तूप परवडणार नाही. तिळाचं तेल चालेल?”

“चालेल. पण दारं बंद करायला आई रोज नसतील.”

“ती मी करीन.” मग तिच्या पाठीमागे उभ्याने तो जरा घुटमळला. “वेणीचंही… म्हणजे उरलेल्या अंतराचं. मला दोर वळता येतो.”

चारुताने मान थोडी मागे टाकली. त्याने केस सोडले, तुपकट बोटांनी त्यांचे पेड केले आणि आयुष्यात फक्त सुताशी वागलेल्या माणसाने केसांशी जसं वागावं तसा त्यांना पीळ दिला.

दोघं घरात आली तेव्हा सरोजिनीबाईंनी पुरणाची डाळ निवडता निवडता मान वर केली.

“हे का कासरा वळून आणला का, रे?” त्या म्हणाल्या. “आन् माय, त्या रविवारच्या वर्ध्याच्या गाडीचं काय?”

चारुताने डाव्या हाताने तो जड, पिवळा, वाकडा पीळ पुढे घेतला आणि बराच वेळ तपासला.

“कसं जाणार, आई?” ती म्हणाली. “ही गाठ सोडवायलाच महिना जाईल.”