बिजागरी करकरायची तेव्हा

मित्रांनो, या साऱ्या करवीरनगरीत गुपित राखण्यात माझा हात धरणारा कोणी झाला नाही आणि होणारही नाही. ब्रह्मदेव आला तरी मी मिटलेलं तोंड उघडत नसे. अर्थात, यात माझ्या शीलापेक्षा गंजाचा वाटा मोठा होता. आणि उघडलोच, तर उजव्या दाराची बिजागरी अशी करकरे की खाली चहाच्या गाड्यावरचा माणूस मान वर करून म्हणे, "बाळासोंनी कपाट उघडलं."

तर मी ते लोखंडी कपाट. उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये माझा पत्रा वाकवला, हिरवट रंग फासला आणि तिघांनी शिव्या देत मला शाहूपुरीतला एक अरुंद जिना चढवला. वर बाळासो बसत. लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रं भरून देणं हा त्यांचा व्यवसाय. त्या लोकांच्या फायली माझ्या पोटात राहू लागल्या.

तुम्हाला वाटेल, त्यांत नुसते आकडे असतील. मलाही तसंच वाटलं होतं. पण कर वाचवायचा तर माणसाला घरातलं सगळं सांगावं लागतं. कोण कुणाला पोसतो, कुणी देवळाला काय दिलं, कुणाला कसला आजार आहे.

बाळासो तेव्हा सोन्यासारखा माणूस. एकदा एका अशिलाचा सख्खा भाऊ आला. "दादाचं कागद बघू की जरा." बाळासो म्हणाले, "भाऊ असशील घरात. हितं तू पावणा. चा पी आन् जा." त्या दिवशी माझा पत्रा दोन सूत जाड झाल्यासारखा मला वाटला.

मग हातकणंगल्याचा केरबा आला. हा लग्नं जुळवायचा. सोयरीक ठरवण्याआधी आपल्याकडे समोरच्या घराची चौकशी करतात. शेजाऱ्याला विचारतात, दूध घालणाऱ्याला विचारतात. केरबाने एवढी पायपीट वाचवायचं ठरवलं. "बाळासो, माणसं खोटं सांगत्यात. कागद न्हाय सांगत," म्हणून त्याने टेबलावर एक पाकीट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाळासोंनी माझ्या बिजागरीला तेल घातलं. मित्रांनो, मी गहिवरलो. सव्वीस वर्षांत माझी इतकी निगा कुणी राखली नव्हती. कापसाच्या बोळ्याने, थेंब थेंब, मायेने. दुपारी माझं दार आवाज न करता उघडलं, दोन कागदांचे मोबाइलवर फोटो निघाले आणि दार मिटलं. खाली चहावाल्याने मान वर केली नाही. तेव्हा मला त्या मायेचा अर्थ कळला.

त्यातला एक कागद अनुजाचा होता. अनुजा उचगावची, एका फौंड्रीच्या ऑफिसात नोकरीला. तिच्या वडिलांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. उपचारांच्या खर्चावर करात सवलत मिळते, म्हणून तिने दवाखान्याचा दाखला बाळासोंकडे दिला होता. देताना म्हणाली होती, "काका, गावात कुणाला म्हाईत न्हाय. अप्पांना कुणी कीव केलेली सोसत न्हाय." यावर बाळासोंनी माझ्यावर थाप मारली होती. "ह्यातनं वारा बी भाईर जात न्हाय, पोरी."

परवा ती पुन्हा आली. बसली नाही. तिने मोबाइल टेबलावर ठेवला. त्यावर त्याच दाखल्याचा फोटो होता आणि कागदाच्या कडेला माझ्या दुसऱ्या कप्प्यातल्या गंजाचा तांबूस पट्टा. मी माझी सही ओळखली.

"ह्यो कागद शाहूवाडीच्या पावण्यांकडं कसा गेला, काका?"

"अगं, मी काय खोटं सांगितलं का? खरंच हाय न्हवं? आन् आजकाल कुणाचं काय झाकलेलं ऱ्हातंय? मनात पाप न्हाय त्यानं भ्यायचं कशाला?"

"खरं हाय म्हणूनच तुमच्याकडं ठेवलंतं. पोराला मी सोताच सांगणार होते, अप्पांना इचारून. पावण्यांनी भर बैठकीत अप्पांनाच इचारलं, आनखी किती दीस काढणार म्हणून. स्थळ मीच मोडलं, त्याचं काय न्हाय. पर अप्पा आता पारावर जाऊन बसत न्हाईत."

बाळासो चष्मा पुसू लागले.

"भ्यायचं न्हाय म्हणताय, मग तुमची फाईल काढा की. मी बी एक फोटू घेते."

बाळासोंची स्वतःची फाईल माझ्या आतल्या लॉकरात असते, वेगळ्या कुलपात. त्यांचा हात आपसूक खिशातल्या किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. अनुजाने माझं दार उघडलं, आपली फाईल घेतली आणि जिना उतरून गेली. मला ओरडायचं होतं. तेल इतकं चांगलं होतं की साधं कुरकुरताही आलं नाही.

मित्रांनो, ज्याने विश्वासाने कागद ठेवला, तो कागद त्याचाच असतो. सांभाळणाऱ्याचा नाही, कपाटाचा तर नाहीच. हे मी बाळासोंना सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी आमची निगा राखा म्हणून विनवतात. माझं उलटं आहे. कृपा करून माझी निगा राखू नका. माझ्या शेजारी एक खिडकी आहे. येत्या पावसाळ्यात ती तेवढी उघडी राहू द्या.