चादरीखालचा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे. सत्तर साली सोलापूरच्या शुक्रवार पेठेत निंगप्पांच्या घरावर मला ठोकले. मित्रांनो, पावसाळ्यात माझा आवाज पार चौकापर्यंत जाई. उन्हाळ्यात मात्र घरची माणसे माझ्याकडे अशी बघत, जणू सूर्य मीच आणला.

चार वर्षांनी निंगप्पांची लेक महादेवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तीही ऐन वैशाखात. सोबत सासूबाई काशम्मा. त्यांनी दाराशीच वर पाहिले.

"विहीणबाई, घर हाय की भट्टी? दुपारी मी हितं झोपून बघते. झोप लागली तर सून ठेवते, न्हाय तर संध्याकाळच्या एस्टीनं परत नेते."

पहिले बाळंतपण माहेरी नाही, म्हणजे महादेवीच्या आईने, कमलम्मांनी, पेठेत तोंड कसे दाखवायचे?

निंगप्पा चादरीच्या कारखान्यातले. त्यांनी घरातली मोठी चादर माझ्यावर टाकली आणि सवयीने एकही सुरकुती न ठेवता ताणून बांधली. मी तापलेलाच राहिलो. चादरीचे काही चालले नाही, याचे मला बरे वाटले.

कमलम्मा अंगणात बाळाचे झबले शिवत होत्या. म्हणाल्या, "अहो, उन्हात कुणी घट्ट बंडी घालतं का? सैल घालतो की. घरालाबी वारा खेळू द्या."

मग चादरीखाली बांबू आले. ती माझ्यापासून हातभर वर गेली, मधून वारा वाहू लागला आणि मी निवत गेलो. दुसऱ्याच्या कर्तबगारीने निवणे किती जिव्हारी लागते, हे पत्र्यालाच ठाऊक.

काशम्मा आडव्या झाल्या. त्यांची झोप मोडावी म्हणून मी कडकड वाजणार होतो. पण वाजायला आधी तापावे लागते. थोड्याच वेळात घोरणे सुरू झाले.

उठल्या तेव्हा गालावर उशीचे वळ होते. "झोप न्हाय लागली. नुसता डोळा लागला."

"एस्टी गेली, विहीणबाई," कमलम्मा म्हणाल्या. "चहा टाकते."

महादेवी राहिली. पेठेतल्या बायका चादर बघायला येऊ लागल्या. 'लई गुणाची हाय,' म्हणत. चार वर्षे पाऊस अडवणारा मी, मला कुणी गुणाचा म्हटले नव्हते.

महादेवीला मुलगी झाली. पाळण्यात पडून ती दिवसभर वर बघे. वर म्हणजे माझ्याकडे. चादर तिला दिसतच नसे, याला मी काय करणार?

मृग लागताच चादर धुऊन ट्रंकेत गेली. मी पावसात होतो तिथेच.

मित्रांनो, उन्हाळ्यात आपण सैल, सुती घालतो, तसे घरालाही घाला. पण खालच्या पत्र्यावर वर्षाकाठी रंगाचा एक हात फिरवा. आणि चादरीचे कौतुक करायचेच असेल, तर घरात शिरून, हळू आवाजात करा. नाही, घरातही नको. तिथेही वर मीच असतो.