दिवे लागल्यानंतरची नावं

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे बरं का, सिनेमाचा! नाशिक रोड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमचं थिएटर आहे. तिथे गेली बावीस वर्षं मी ताठ उभा आहे. माझ्या अंगभर हजारो बारीक भोकं आहेत, कारण मागे ठेवलेल्या स्पीकरचा आवाज माझ्यातूनच तुमच्यापर्यंत येतो. मला उंदरांनी कुरतडलंय असं कुणी समजू नये, म्हणून आधीच सांगून टाकलं.

कारखान्यात लांब पट्टे जोडून मला तयार केलं, गुंडाळून ट्रकमध्ये घातलं आणि इथे चौकटीत ताणून बांधलं. दारावर तिकिटं फाडणारे सहादूकाका मला बघून म्हणाले होते, "काय पांढराशुभ्र हाय! नजर लागंल याला." तेव्हापासून कुणी मला बोट लावायला आलं की काका गरजतात, "ए, हात लावायचा नाय!" सुरुवातीला माझी फार बडदास्त होती. देवळाली कॅम्पातले जवान बायकापोरांना घेऊन यायचे आणि शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घ्यायचे. पुढे मॉलमध्ये गुबगुबीत खुर्च्यांची थिएटरं झाली आणि माझ्यावर धूळ बसू लागली. डाव्या कोपऱ्यात मी फाटलो, तर तिथे नुसतं ठिगळ लावलं. वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू?

अशात यंदा एक अवाढव्य विज्ञानपट आला. अहाहा! काय ती दृश्यं! तांबड्या ग्रहावर एकामागून एक दोन चंद्र उगवायचे. एक नदी उलटी आभाळाकडे वाहत जायची. आणि मग वादळ सुटायचं. लाखो पातळ, तांबूस, चमकदार पाकळ्या गिरक्या घेत माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडायच्या. माझं ठिगळसुद्धा त्यात दिसेनासं व्हायचं. इतका सुंदर मी माझ्या ऐन तारुण्यातही दिसलो नव्हतो.

गोष्ट मात्र... आता काय सांगू! आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? खलनायक तीनदा मेला. नायकाचा भाऊ मध्यंतराआधी यानात बसून निघाला, तो अजून पोचलेला नाही. नायिका दर दहा मिनिटांनी म्हणायची, "आपल्याकडे वेळ नाही!" आणि पिक्चर पावणेतीन तासांचा! लोक बाहेर पडताना म्हणायचे, "ष्टोरीत दम नाय राव, पण दिसतं लय भारी!" मला राग यायचा, पण बोलणं खरंच होतं.

एका दुपारी विंचूरच्या लताबाई पगारे एकट्याच आल्या. दार माझ्या उजव्या हाताला आहे, म्हणून तिथलं सगळं मला ऐकू येतं. त्या काकांना म्हणाल्या, "भाऊ, शेवटाला नावं येतात ना? माझ्या लेकीचं नाव हे त्यात. चैताली. मुंबईला असती. तिनं केलाय हा पिक्चर."

"येतात, येतात. बसा," काका तिकीट फाडत म्हणाले. त्यांचं अर्धं लक्ष मागच्या रांगेकडे होतं.

लताबाई कांद्याच्या खळ्यावर निवडणीचं काम करतात. चांगला कांदा इकडे, सडका तिकडे, दिवसभर बसून. लेक कम्प्युटरवर काय करते, हे त्यांना कधीच नीट कळलं नव्हतं. खळ्यावरच्या बाया विचारायच्या, "तुझी पोरगी करती तरी काय?" तर या "कम्प्युटरवर काम" एवढंच सांगायच्या. आज कामावर खाडा करून त्या ते नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आल्या होत्या.

वादळ सुटलं तशा तिसऱ्या रांगेतून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बया! हे तर कांद्याचे पापुद्रे!"

शेजारचा जवान हसला. "मावशी, तो परग्रह आहे."

"असंल. पण पापुद्रे आमच्या खळ्यावरचेच हेत. उन्हाळ्यात वारं सुटलं की अस्सेच उडतात. माझी चैताली ल्हानपणी त्यात नाचायची."

मित्रांनो, आठवडाभर मी ते वादळ अंगावर मिरवत होतो, पण ते मला ओळखता आलं नव्हतं. या बाईनं एका नजरेत ओळखलं. मला स्वतःचीच लाज वाटली.

आता आमच्याकडची रीत ऐका. शेवटी नायक हसला की काका दार उघडतात, दिवे लागतात आणि वरच्या खोलीतला ऑपरेटर, आमचा झुंबर, मशीन बंद करतो. पुढच्या खेळाआधी झाडायचं असतं ना! नावांच्या चार ओळी माझ्यावर पडतात न पडतात, तोच सगळं पांढरं होतं. त्या दिवशीही तसंच झालं. लोक निघून गेले. लताबाई बसूनच राहिल्या.

"मावशी, संपला पिक्चर. उठा," झाडू घेऊन आलेले काका म्हणाले.

"संपला कसा? नाव कुठं आलं?" त्यांचा आवाज चिरकला. "मी बायांना काय सांगू?"

काकांचा झाडू थांबला. त्यांनी मान वर करून हाक मारली, "झुंबर! ती नावं परत लाव!"

"काका, बाहेर पब्लिक उभं हे!"

"उभं राहू दे! बावीस वर्षं मीच दार उघडतोय. आज नाय उघडत."

दिवे गेले. झुंबरनं मशीन लावलं आणि इंग्रजी वाचायला तो धावतच खाली आला. लताबाईंना इंग्रजी येत नव्हतं. चैतालीनं कागदावर लिहून दिलेलं नाव त्यांनी नुसतं आकारानं पाठ केलं होतं. माझ्या पायाशी असलेल्या चौथऱ्यावर चढून त्या माझ्या अगदी जवळ उभ्या राहिल्या.

नावं येऊ लागली. बापरे, किती नावं! रंग भरणारे, दिवे लावणारे, गाड्या हाकणारे, चहा देणारे. झुंबर वाचून वाचून दमला. माझ्या अंगावरच्या एका वादळामागे एवढी माणसं होती आणि मी फुशारकी मारत होतो ती माझ्या एकट्याची!

बाहेर लोक दार बडवू लागले. तेवढ्यात लताबाई ओरडल्या, "ही बघा! ही माझी चैताली!" त्यांनी माझ्यावर बोट टेकवलं. काकांचं तोंड सवयीनं उघडलं आणि मिटलं.

"पण भाऊ, हे मधलं काय हे? हे कागदावर नव्हतं."

झुंबरनं वाचलं, "चैताली लता पगारे."

"लता?" बाईंनी झुंबरकडे मान वळवली. "ते तर माझं नाव हे."

नाव वर सरकत होतं. त्यांचं बोटही त्याच्याबरोबर वर सरकलं. त्या टाचा उंचावून उभ्या राहिल्या. मग हात पुरेनासा झाला आणि नाव त्यांच्याही वर निघून गेलं. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. मीही रडलो असतो, पण मला ते जमत नाही.

माझ्या खालच्या काठाजवळ त्यांच्या बोटाचा पुसट डाग अजून आहे. काका एकदा ओला फडका घेऊन आले, डागाकडे बघत उभे राहिले आणि तसेच परत गेले. आता नावं संपेपर्यंत ते दार उघडत नाहीत. कुणी कुरकुरलं तर म्हणतात, "बसा की दोन मिनिटं, काय गाडी चुकती का?"

माझं वय झालं आहे. उद्या माझ्या जागी नवा पडदा येईल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मित्रांनो, गोष्ट फसली तर खुशाल फसली म्हणा. पण दिवे लागले तरी जरा थांबा आणि शेवटच्या यादीतलं एक तरी नाव मोठ्यानं वाचा. कुणाची तरी आई खाडा करून आलेली असेल आणि तिला ते वाचता येत नसेल.