शंकेखोरांची खुर्ची

सोसायटीचा हॉल खच्चून भरला होता. व्यासपीठावर कोटवाले सर एकेकाला पाय जुळवून उभं करत, एक हात आडवा पसरायला लावत आणि मनगटावर नुसती दोन बोटं टेकवत. माणूस कलंडे. मग त्याच्याच मुठीत बटणाएवढी पितळी चकती देऊन सगळा भार टाकून हात दाबत. आता माणूस जागचा हलत नसे. हॉल टाळ्यांनी दणाणून जाई.

"चकतीचं हे तेज अंगात असताना औषधं हवीत कशाला?" सर म्हणत. "फक्त शंका नको. एका शंकेखोरामुळे सगळ्यांचं तेज उतरतं."

खरी मखलाशी ही. गुण आला तर चकतीचा, नाही आला तर शंकेखोराचा दोष. म्हणून चपलांच्या रॅकजवळ एक वेगळी खुर्ची ठेवली होती. ती माझी. मी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. पडलेल्यांना तोल सावरायला शिकवणं हे माझं रोजचं काम. पहिल्या दिवशी मी "मी दाबून बघू का?" एवढंच विचारलं होतं. तेव्हापासून मी लिफ्टमध्ये शिरले की बायका बाहेर पडत.

तेही चाललं असतं. पण सरांचं ऐकून माझ्या दादाने इन्सुलिन बंद केलं, पायाची जखम चिघळली, आणि वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्याकडे येऊ नका. तुमच्यामुळेच ह्यांना गुण येत नाही."

माझं डोकं फिरलं. पुढच्या बैठकीत दादाला वर बोलावलं तशी मीही चढले. "शंका सोडली," म्हणाले. "दादाचा हात मला दाबू द्या." शंकेखोर शरण आली म्हणून सर खूश. चकती त्यांनी माझ्याच हातात दिली.

दादाने डोळे मिटले होते. मी त्याची मूठ बंद केली आणि सगळा भार टाकून हात दाबला. तो हलला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मूठ उघड, दादा."

मुठीत इन्सुलिनच्या बाटलीचं झाकण होतं. चकती माझ्याकडेच होती. मग ती त्याच्या मुठीत देऊन मी त्याला दोन बोटांनी कलंडवलं.

"मनगट बाहेरच्या बाजूला दाबलं की तोल जातो," मी सांगितलं. "खांद्याजवळ, पायांच्या रोखाने दाबलं की भार सरळ पायांवर येतो. चकतीचा काही संबंध नाही."

निवृत्त हेडमास्तर उठले. मला वाटलं, आता सरांना जाब विचारणार.

"एवढ्या लोकांत तूच एकटी शहाणी का गं?"

"हिला बाहेर काढा," मागून कोणीतरी म्हणालं. सर निवांत पाणी पीत होते. त्यांना तोंड उघडायची गरजच पडली नाही. मला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि धरणाऱ्यांत वहिनी होती.

संध्याकाळी दादा लंगडत माझ्या दारात आला. "सगळ्यांसमोर माझं हसं केलंस," म्हणाला. मग त्याने पाय जुळवले, हात पसरला. मुठीत चकती होती. "पुन्हा दाखव."

मी मनगट बाहेर दाबलं. तो कलंडला, मी सावरलं. चकती टेबलावर ठेवून त्याने विचारलं, "डॉक्टर आत्ता भेटतील का?"

सोसायटीत अजून माझ्याशी कोणी बोलत नाही. नका बोलू. पण प्रश्न विचारणाऱ्याला दाराबाहेर काढण्याआधी, सर हात कुठल्या बाजूला दाबतात ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.